जावा क्लाउडच्या जमान्यात टिकली कशी? (कंटेनर, थ्रेड आणि जुनी पापं)

खडीसाखर (धागाकर्ती):

दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी जावाची तिरडी बांधायला घेतं आणि ती बया काही मरत नाही. सध्याचं निमित्त क्लाउड. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या एकाने ठासून सांगितलं की कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी, सांभाळणारी सिस्टीम) जावा म्हणजे मेमरीची उधळपट्टी, सगळ्या सर्व्हिसेस गो या भाषेत लिहून काढा. वाद झाला, मिटला नाही, तर म्हटलं इथे टाकू, इथे ईजेबीचे (एंटरप्राइझ जावाबीन्स, सर्व्हरवरचे जावा घटक) चटके खाल्लेली जुनी मंडळी पण आहेत आणि कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली पण.

माझं मत आधीच सांगून टाकते. जावा टिकली कारण डिस्ट्रिब्युटेड सिस्टीमच्या बाबतीत तिने आपली हाव कमी केली. सुरुवातीला तिला सगळं स्वतःच करायचं होतं. १९९७ च्या जेडीके १.१ मध्ये आरएमआय आलं, सोबत सिरियलायझेशन (ऑब्जेक्ट बाइट्समध्ये बदलून पाठवणं) आलं, कल्पना अशी की दुसऱ्या मशीनवरच्या ऑब्जेक्टची मेथड तुम्ही बिनधास्त कॉल करा, मधलं नेटवर्क आम्ही बघून घेतो. मग १९९८ ला ईजेबी, १९९९ च्या डिसेंबरात जे२ईई (सर्व्हरसाठीचा जावाचा संच). ईजेबीच्या पहिल्या अवतारात तर दोन बीन एकाच जेव्हीएममध्ये (जावा चालवणारी प्रोसेस) शेजारी शेजारी असले तरी बोलायचं ते रिमोट इंटरफेसमधूनच. लोकल इंटरफेस आले २००१ च्या ईजेबी २.० मध्ये, म्हणजे 'अरे हे तर एकाच घरात राहतात' हे मान्य करायला तीन वर्षं गेली.

पुढे लोकांनीच हे सगळं गुंडाळून ठेवलं. एचटीटीपी आणि जेसन आले, मेसेज क्यू आल्या, डेटा अनेक मशीनवर पसरून हाताळणारे हडूप, कॅसँड्रा, काफ्का आले. गंमत अशी की हे तिन्ही जेव्हीएमवरच चालतात पण एकमेकांशी बोलायला त्यांनी आपापले प्रोटोकॉल लिहिले. काफ्का तर डेटा हीपमध्ये (जावाच्या ऑब्जेक्टसाठीची मेमरी) साठवायच्या भानगडीतच पडत नाही, सरळ फाइलला लिहितं, ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेज कॅशवर भरवसा टाकतं आणि गार्बेज कलेक्टरला (नको झालेले ऑब्जेक्ट झाडणारा, म्हणजे जीसी) त्यात हात घालूच देत नाही.

मग प्लॅटफॉर्मकडे उरलं काय? एक प्रोसेस म्हणून शहाण्यासारखं वागणं. लवकर उठायचं, कमी खायचं, आणि हजारो कनेक्शन नुसती वाट बघत बसलेली असताना गुदमरायचं नाही. गेल्या दहा वर्षांत जावात जे काही दखल घेण्यासारखं झालंय ते बहुतेक या तीनच गोष्टींत झालंय.

पहिला दणका कंटेनरचा होता. जेव्हीएमला सवय आख्खं मशीन आपल्या बापाचं असल्याची. समजा होस्ट ६४ जीबीचं आहे आणि कंटेनरला लिमिट दिलंय १ जीबी. जावा ८ ची सुरुवातीची व्हर्जन्स ते लिमिट बघतच नव्हती, ६४ चा पाव हिस्सा म्हणजे १६ जीबी हीप आपली असं धरून चालायची. हीप वाढत वाढत १ जीबीला टेकली की कर्नल मान मुरगाळतो, आणि जावाच्या लॉगमध्ये एक ओळ सापडत नाही, आउट ऑफ मेमरी एरर पण नाही, कारण तिच्या हिशेबाने अजून १५ जीबी शिल्लकच आहेत ना! सीपीयूचं तेच. होस्टचे ३२ कोअर दिसले की जीसीचे थ्रेड त्या हिशेबाने, फोर्क-जॉइन पूल त्या हिशेबाने, आणि वाट्याला प्रत्यक्षात दोन कोअरचा कोटा.

हे मार्च २०१८ ला जावा १० मध्ये दुरुस्त झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ८यू१९१ मध्ये, म्हणजे जावा ८ च्या अपडेटमध्ये, मागे पण नेलं. हे मागे नेणं मला जास्त मोलाचं वाटतं, कारण तेव्हा निम्म्याहून जास्त दुनिया ८ वरच बसली होती. नवीन व्हर्जनमध्ये सुधारणा कोणीही करेल, जुन्या गिऱ्हाइकाच्या कोडला हात न लावता त्याच्या खालची जमीन सरळ करून देणं अवघड.

तर लिहा तुमचे अनुभव. व्हर्च्युअल थ्रेड प्रॉडक्शनला कोणी चालवतंय का?

---

अर्धाचहा:

रुमाल टाकून ठेवतो. डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टर (ईजेबीची ती एक्सएमएल फाइल) हा शब्द आठवला आणि दाढ दुखायला लागली.

---

जुनंखोड:

खडीसाखर ताई, छान लिहिलंय पण आरएमआयवर अन्याय झालाय म्हणून राहवत नाही.

आरएमआयवाल्यांना नेटवर्क लपवता येत नाही हे पक्कं माहीत होतं. १९९४ साली सनच्याच (जावा बनवणारी कंपनी) लॅबमधून जिम वॉल्डो, जेफ वायंट, अ‍ॅन वॉलराथ आणि सॅम केंडल यांचा एक पेपर आला होता, त्यात स्वच्छ लिहिलं होतं की लोकल कॉल आणि रिमोट कॉल एकाच मापाने मोजू नका, लेटन्सी वेगळी, मेमरी वेगळी आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट बिघाड. लोकल कॉलमध्ये एकतर काम होतं नाहीतर आख्खी प्रोसेस मरते. रिमोटमध्ये कॉल गेला, उत्तर आलंच नाही, आता समोरच्याने पैसे कापले की नाही कापले हे तुम्ही इकडे बसून कसं सांगणार? पुढे आरएमआयवर काम केलं ते त्याच वॉलराथ बाईंनी. म्हणूनच रिमोट एक्सेप्शन हे चेक्ड ठेवलं होतं, प्रत्येक रिमोट मेथडवर सक्तीने जाहीर करायला लावलं होतं. विसरूच नये कोणी म्हणून!

मग लोकांनी काय केलं, तर ट्राय-कॅच लावला, आत रनटाइम एक्सेप्शनमध्ये गुंडाळलं आणि दिलं वर फेकून. त्याला बिझनेस डेलिगेट असं भारदस्त नाव देऊन डिझाइन पॅटर्न पण करून टाकला. आणि २००६ च्या ईजेबी ३ मध्ये ती सक्तीच काढली, वापरायला सोपं व्हावं म्हणून. तेव्हा नेटवर्क लपल्याची थाप प्लॅटफॉर्मने मारली हे अर्धंच खरं, गिऱ्हाइकाला ती थापच हवी होती.

पीटर डॉइच पण सनचेच. नेटवर्क भरवशाचं असतं, लेटन्सी शून्य असते, बँडविड्थ अमर्याद असते वगैरे गैरसमजांची ती यादी त्यांच्या नावाने ओळखली जाते, आठवा गैरसमज नंतर जावाचे जनक गॉस्लिंगनी जोडला असं म्हणतात. त्यातला एक आहे 'टोपॉलॉजी बदलत नाही'. आता बघा, सिक्युरिटी मॅनेजर चालू असला की जेव्हीएम एकदा शोधलेला डीएनएस पत्ता डीफॉल्टने कायमचा धरून ठेवायची. मॅनेजर नसला तर ३० सेकंद. एका वित्तसंस्थेच्या प्रोजेक्टवर डेटाबेसचा फेलओव्हर झाला, नाव तेच, आयपी नवीन, डीबीएवाले म्हणतात आमचं सगळं हिरवं आणि आमचा अ‍ॅप सर्व्हर इमानेइतबारे मेलेल्या मशीनचं दार ठोकतोय. रीस्टार्ट केलं की बरं. हे इतक्यांदा झालं की रनबुकमध्ये पहिली पायरीच रीस्टार्ट अशी लिहिली गेली, कारण कोणाला शोधायला वेळ नव्हता.

ज्यांच्या घरात ही यादी जन्मली, त्यांच्याच रनटाइमचं हे डीफॉल्ट.

---

गोफण:

इतिहास वाचून पॉडची (कुबरनेटीसमधलं कंटेनरचं एकक) मेमरी कमी होत नाही काका. (रागावू नका, पोस्ट आवडली.)

गो १.० आलं मार्च २०१२ ला, गोरूटीन (हलके थ्रेड) पहिल्यापासून. जावाला तीच चीज द्यायला सप्टेंबर २०२३ उजाडलं. आमच्याकडे, म्हणजे गो मध्ये, बायनरी म्हणजे एक फाइल, उचलली टाकली, डोळ्याचं पातं लवायच्या आत चालू. ऑटोस्केलिंगमध्ये लोड वाढल्यावर नवीन पॉड उठून, क्लासेस लोड करून, स्प्रिंग फ्रेमवर्कचं कॉन्टेक्स्ट बांधून, जिटला (चालता चालता कंपाइल करणारा कंपायलर) गरम करून तयार होईपर्यंत तो लोड निघून गेलेला असतो. मग लोक काय करतात, आधीपासूनच दुप्पट पॉड उभे करून ठेवतात. बिल कोण भरतं?

---

खडीसाखर:

@गोफण, अकरा वर्षं उशीर झाला हे कबूल, वकिली करत नाही. पण उशीर कशात गेला ते बघा ना.

जावाचा जुना थ्रेड म्हणजे सरळ ऑपरेटिंग सिस्टीमचा थ्रेड, ६४ बिट लिनक्सवर प्रत्येकाला स्टॅकसाठी १ एमबीची जागा राखून. हजार-दोन हजार थ्रेड चालतात, लाख चालत नाहीत. आणि मायक्रोसर्व्हिसमध्ये थ्रेड काम कमी करतो आणि वाट जास्त बघतो, याने त्याला कॉल केला, त्याने तिसऱ्याला, सगळे बसलेत ताटकळत. यावर तोडगा म्हणून असिंक्रोनस आलं. जावा ८ मध्ये कम्प्लीटेबल फ्युचर, त्याच सुमारास आरएक्सजावा, २०१७ ला स्प्रिंगचं वेबफ्लक्स. ज्याने वेबफ्लक्सचा स्टॅक ट्रेस रात्री दोन वाजता वाचलाय त्याला विचारा, शंभर ओळी आणि त्यात आपल्या कोडची ओळ शोधून सापडत नाही. वर एखाद्याने चुकून मधेच एक साधा ब्लॉकिंग जेडीबीसी (डेटाबेसचा) कॉल टाकला की इव्हेंट लूपचे बारा वाजले.

सी शार्पने २०१२ ला असिंक-अवेटचे कीवर्ड आणले. जावावाल्यांना ते करता आलं असतं आणि लवकर झालं असतं. पण मग निळ्या (साध्या) मेथड वेगळ्या, लाल (असिंक) मेथड वेगळ्या, सगळ्या लायब्ररी दोनदा लिहा. प्रोजेक्ट लूमने (व्हर्च्युअल थ्रेड आणणारा जावाचा प्रकल्प) ठरवलं की भाषेला हातच लावायचा नाही. तोच थ्रेड क्लास, तोच ब्लॉकिंग रीड, तोच डीबगर. आत मात्र थ्रेड वाट बघायला लागला की जेव्हीएम त्याचा स्टॅक उचलून हीपमध्ये ठेवते आणि खालचा खरा थ्रेड दुसऱ्याला देते. खरे थ्रेड साधारण कोअर असतील तेवढेच.

आता हे चालायचं तर जेडीकेमधला प्रत्येक ब्लॉकिंग कोपरा धुंडाळून बदलायला हवा. सॉकेटचा जुना कोड जेडीके १.० च्या काळातला होता, अर्धा जावा अर्धा सी, तो जावा १३ मध्ये २०१९ ला नव्याने लिहिला. युडीपीचा जावा १५ मध्ये. जावा १३ ची यादी तेव्हा चाळली असणार सगळ्यांनी, कोणाच्या लक्षात तरी आलं का की हे का चाललंय? चार वर्षं आधीपासून पाया खणत होते. वीस वर्षांपूर्वीचा सर्व्हलेट कोड न बदलता व्हर्च्युअल थ्रेडवर चालतो, हे बाकीच्या भाषांमध्ये एवढ्या प्रमाणात कोणाला जमलेलं मला तरी माहीत नाही. गो ला हा प्रश्नच नव्हता कारण त्यांच्या गळ्यात जुना कोडच नव्हता.

---

पावशेर:

धागा हायजॅक करत नाहीये पण एक प्रश्न विचारतो, कारण सगळे जाणते एकाच ठिकाणी सापडलेत.

जावा १७, कंटेनर लिमिट २ जीबी, हीप कमाल १.८ जीबी दिलीय. हीपचा ग्राफ कधीच १.२ च्या वर जात नाही. तरी पॉड दिवसाआड मरतो, एक्झिट कोड १३७. टीम लीड म्हणतो लीक शोध, हीप डंप काढून काढून डोळे गेले, लीक दिसत नाही. जावा आता कंटेनर ओळखते ना मग?

---

रानमेवा:

@पावशेर, हीप डंपमध्ये दिसणार पण नाही कारण भानगड हीपच्या बाहेर आहे. १३७ म्हणजे कर्नलने मारलं, आणि कर्नल मोजतो आख्ख्या प्रोसेसची मेमरी.

तुमच्या २ जीबीत हीप आहे, शिवाय क्लासेसची माहिती ठेवणारं मेटास्पेस आहे (स्प्रिंग आणि हायबरनेट असेल तर दीड-दोनशे एमबी सहज), जिटने बनवलेल्या कोडचा कोड कॅश आहे, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक आहे, जीसीची स्वतःची वहीखाती आहेत आणि नेटीसारखी नेटवर्क लायब्ररी वापरत असाल तर हीपबाहेरचे डायरेक्ट बफर आहेत. हीपला १.८ दिलं तर या सगळ्या मंडळींना २०० एमबी उरले. शिवाय ग्राफ 'वापरलेली' हीप दाखवतो, जेव्हीएमने ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतलेली त्याहून जास्त असते, जी वन (नेहमीचा जीसी) घेतलेली लगेच परत करत नाही.

असं करा. कमाल हीपचा आकडा काढा, त्याऐवजी मॅक्स रॅम पर्सेंटेज ६० च्या आसपास द्या. डीफॉल्ट २५ असतं, म्हणजे काहीच दिलं नाही तर तीन चतुर्थांश मेमरी हीपला मिळतच नाही, हे पण लोकांना माहीत नसतं. नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग समरी मोडमध्ये चालू करा, थोडा वेग जातो पण चालतं, आणि जेसीएमडी कमांडने सकाळी एक संध्याकाळी एक असा बेसलाइनशी फरक काढून बघा. कोणता रकाना फुगतोय ते कळेल. एकही रकाना फुगत नसेल आणि तरी प्रोसेस फुगत असेल तर संशय जीलिबसीच्या मॅलॉकवर (लिनक्समधलं मेमरी वाटणारं फंक्शन), त्याचे अरिना कमी करून बघा.

सीपीयू लिमिट किती दिलंय? एक किंवा त्याहून कमी असेल तर जेव्हीएम स्वतःला बारकं मशीन समजते आणि गुपचूप सिरियल (एकाच थ्रेडवर चालणारा) जीसी घेते. लोक जी वन ट्यून करत बसतात आणि चालू असतो सिरियल. स्टार्टअपच्या लॉगमध्ये कोणता जीसी आहे ते आधी वाचा.

---

पावशेर:

सीपीयू ५०० मिली (अर्धा कोअर). म्हणजे... सिरियल. जी वनचे तीन फ्लॅग लावलेत आम्ही. बघतो आणि सांगतो.

---

म्युनिकवासी:

व्हर्च्युअल थ्रेडबद्दल ताईंनी विचारलंय, आम्ही चालवतोय, स्प्रिंग बूट ३.२ पासून एक प्रॉपर्टी ट्रू केली की झालं असं सगळे सांगतात. झालं पण, दुसरंच काहीतरी झालं.

टॉमकॅट सर्व्हरचे डीफॉल्ट २०० थ्रेड. आम्हाला वाटायचं ही अडचण आहे. खरं तर तो आमचा नकळत लावलेला बांध होता. २०१ वी रिक्वेस्ट दारातच थांबायची. व्हर्च्युअल थ्रेड आल्यावर दार उघडं, सगळ्या रिक्वेस्ट आत आणि आत हिकारी पूलमध्ये डेटाबेसची कनेक्शन डीफॉल्ट दहा. हजारो थ्रेड त्या दहांसाठी रांगेत, तीस सेकंदांनी टाइमआउट. आधी वरवर 'सर्व्हर स्लो आहे' असं दिसायचं, आता 'डेटाबेस गेला' असं दिसायला लागलं, आणि डेटाबेस बिचारा निवांत होता. उपाय सोपा, डेटाबेसकडे आणि प्रत्येक बाहेरच्या सर्व्हिसकडे जाणाऱ्या वाटेवर एक सेमाफोर (एका वेळी किती जण आत जातील ते मोजणारं कुलूप). म्हणजे मर्यादा पाहिजेच, फक्त ती थ्रेडच्या संख्येत लपवायच्या ऐवजी उघडपणे लिहायची. हे मला उलट बरं वाटलं.

दुसरं पिनिंग. जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत थ्रेड अडकला तर तो खालच्या खऱ्या थ्रेडला पण धरून बसतो. नेटफ्लिक्सने २०२४ च्या जुलैत जाहीर लिहिलं होतं यावर, त्यांचे टॉमकॅट चालू दिसत होते पण उत्तरच देत नव्हते, सॉकेट क्लोज वेटमध्ये साचत गेलेले. चार कोअर म्हणजे चार कॅरियर (खालचे खरे थ्रेड), चारही पिन झाले, आणि ज्याला लॉक मिळायचं होतं त्या व्हर्च्युअल थ्रेडला चढायला जागाच नाही. मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये सिंक्रोनाइज्डचं हे दुखणं काढलं. आता २५ एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टवाली) आहे सप्टेंबर २०२५ पासूनची, त्यामुळे कोणी नव्याने सुरू करत असेल तर २१ वर नका करू, सरळ २५ घ्या.

आणि थ्रेड लोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडची खासगी जागा) जड वस्तू कॅश करायची जुनी सवय सोडा. दोनशे थ्रेड होते तेव्हा दोनशे कॉप्या होत्या. आता हिशेब करा.

सीपीयू खाणाऱ्या कामाला याचा काडीचा उपयोग नाही हे सांगायची गरज नसावी, पण मॅनेजमेंटच्या पीपीटीत ते पण लिहिलेलं पाहिलंय.

---

नेटकरीण:

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय पण जरा जमिनीवर या की मंडळी. २५ घ्या म्हणे. आमच्या क्लायंटकडे अजून जावा ८ आहे आणि त्यांच्या सिक्युरिटी टीमला ११ ची परवानगी मागितली तर फॉर्म भरायला लावतात. पुण्यातल्या सर्व्हिस कंपन्यांत जे काम येतं त्यातलं बरंच 'आठवरून सतरावर न्या' हेच असतं. आणि त्यात खरा वेळ थ्रेडमध्ये जातच नाही, जातो जावाएक्सचं जकार्ता करण्यात! ओरॅकलने २०१७ ला जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनला दिलं पण जावा हे नाव दिलं नाही, मग २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळ्या पॅकेजांची नावं बदलली, स्प्रिंग बूट ३ ने २०२२ ला तेच उचललं. तांत्रिक फायदा शून्य. कुठल्यातरी कोपऱ्यातली लायब्ररी अजून जुन्या नावावर असते आणि तिचा लेखक गायब झालेला असतो. म्हणे जुन्या कोडला हात लावत नाहीत!

---

खडीसाखर:

@नेटकरीण, हा टोला बसला. तो निर्णय वकिलांचा होता इंजिनिअरांचा नव्हता, पण भोगायचं आपणच.

---

जुनंखोड:

हात लावला नाही हे जितकं महत्त्वाचं तितकंच काय काय कापून टाकलं ते पण. कॉर्बा (रिमोट कॉलचंच आणखी एक जुनं तंत्र) २०१८ ला जावा ११ मधून गेलं. आरएमआय अ‍ॅक्टिव्हेशन जावा १७ मधून गेलं. सिक्युरिटी मॅनेजर जावा २४ मध्ये कायमचा बंद. साधं आरएमआय अजून आहे, जेएमएक्स (चालू जेव्हीएमवर लक्ष ठेवायची सोय) त्यावर टेकलंय म्हणून.

हे कापणं किती गरजेचं होतं ते डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्यांना कळलं. लॉगफोरशेल, म्हणजे लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीतलं भोक. युझरनेमच्या जागी एक वेडीवाकडी ओळ टाकली, लॉगफोरजेने ती लॉग करताना जेएनडीआय लुकअप (नावावरून वस्तू शोधणं) केला, हल्लेखोराच्या एलडॅप सर्व्हरने सांगितलं हा घे क्लास, आणि जुन्या जेव्हीएमने तो उतरवून चालवला. लॉगमध्ये एक ओळ लिहिताना! लोक लॉगफोरजेला शिव्या देत होते, ठीकच आहे, पण दुसऱ्या मशीनवरून क्लास आणून चालवायची सोय मुळात तिथे आली कुठून? नव्वदच्या दशकातलं ते स्वप्न, ऑब्जेक्ट नेटवर्कवर फिरतील आणि जाताना आपला कोड सोबत नेतील. अ‍ॅपलेट, आरएमआयचा कोडबेस, जिनी, सगळे त्याच खानदानातले. एलडॅपवरून असा क्लास आणणं डीफॉल्टने बंद केलं ते ८यू१९१ मध्ये. ताईंनी वर कंटेनरसाठी सांगितलं तेच अपडेट. पण आडवाटा उरल्याच, सिरियलायझेशनच्या गॅजेटांच्या. जावाचे मुख्य आर्किटेक्ट मार्क राइनहोल्ड यांनी २०१८ मध्ये सिरियलायझेशन ही मोठी घोडचूक होती असं उघड कबूल केलं होतं. तरी ते अजून काढता आलेलं नाही, फिल्टर लावून चालवताहेत.

अनसेफचं मात्र त्यांनी शहाणपणाने केलं. कॅसँड्रा, नेटी असल्या मंडळींना हीपबाहेरची मेमरी हवी होती म्हणून सगळे त्या आतल्या क्लासात शिरले होते. तो नुसता बंद केला असता तर निम्मी इकोसिस्टीम आडवी झाली असती. आधी जावा २२ मध्ये फॉरेन मेमरीचा अधिकृत एपीआय पक्का केला, मग २३ मध्ये अनसेफच्या त्या मेथडवर काढून टाकणार अशी पाटी लावली. क्रम बघा.

---

गोफण:

बरं ते सगळं मान्य. माझा स्टार्टअपचा मुद्दा कोणीच घेतला नाही. सोयीने?

---

म्युनिकवासी:

घेतो. तीन वाटा आहेत आणि तिन्हीत काहीतरी सोडावं लागतं.

ग्रालचं नेटिव्ह इमेज. आधीच कंपाइल करून बायनरी, क्वार्कस आणि मायक्रोनॉट ही फ्रेमवर्क याच जोरावर उभी राहिली, मिलिसेकंदात उठतं, मेमरी पण तुमच्या गो च्या जवळपास. बदल्यात बंद दुनिया. बिल्डच्या वेळी जे दिसलं तेवढंच अस्तित्वात, रिफ्लेक्शनने नंतर काही मागितलं की रनटाइमला आपटतं, मग कॉन्फिग लिहा. बिल्डला काही मिनिटं आणि भरपूर रॅम. आणि दीर्घकाळ चालणाऱ्या सर्व्हिसमध्ये तापलेलं जिट बहुतेक वेळा त्याला मागे टाकतं.

दुसरी, गोठवून ठेवायची. अमेझॉनने लॅम्डासाठी २०२२ च्या नोव्हेंबरात स्नॅपस्टार्ट आणलं, सुरू झालेल्या प्रोसेसचा स्नॅपशॉट काढायचा आणि तिथूनच पुढे उठवायचं. अझुलचं क्रॅक तसंच. इथे मजा अशी की गोठवताना उघडी असलेली कनेक्शन उठल्यावर मेलेली असतात, आणि रँडमचं बी स्नॅपशॉटमध्ये गेलं तर एकाच स्नॅपशॉटमधून उठलेले दहा जण सारखेच 'युनिक' आयडी वाटत सुटतात. कोड त्या हिशेबाने लिहावा लागतो.

तिसरी प्रोजेक्ट लेडन, मला सगळ्यात जावाछाप वाटते ती. एकदा ट्रेनिंग म्हणून अ‍ॅप चालवायचं, कोणते क्लास लागले ते लोड करून जोडून कॅश फाइलमध्ये ठेवायचे. जावा २४ मध्ये हे आलं, त्यांच्या स्वतःच्या मोजणीत स्प्रिंग पेटक्लिनिक साडेचार सेकंदांवरून अडीचच्या आसपास आलं. २५ मध्ये कमांड सोपी केली आणि मेथडचे प्रोफाइल पण कॅशमध्ये घातले, म्हणजे जिटला कुठे तापवायचं ते आधीच माहीत. रिफ्लेक्शन चालतं, डायनॅमिक लोडिंग चालतं, कॅश जुळली नाही तर नेहमीसारखं सुरू होतं. गो एवढं जलद नाही. पण एकाही ओळीला हात न लावता मिळतं.

क्षणभर चालणाऱ्या फंक्शनसाठी, कमांड लाइनच्या टूलसाठी तू गो च घे, मी पण घेतो.

---

गोफण:

हे पटलं. निदान 'जावाच सगळीकडे' म्हणाला नाहीत.

---

खडीसाखर:

मला अजून एका गोष्टीवर लिहायचं होतं, स्ट्रक्चर्ड कन्करन्सी. जुनंखोड काकांनी अर्धवट बिघाडाचं सांगितलं ना, तिथेच येऊन टेकतं ते. एका रिक्वेस्टसाठी तीन सर्व्हिसेसना एकदम विचारलं, एक पडली, आता बाकीच्या दोघांना कोण सांगणार की बाबांनो थांबा? एक्झिक्युटर सर्व्हिसमध्ये कोणीच सांगत नाही, ते काम करत राहतात, उत्तर कोणाला नकोय तरी. स्ट्रक्चर्ड कन्करन्सीत तिघेही एका ब्लॉकच्या आत जन्मतात आणि ब्लॉक संपायच्या आत तिघांचा निकाल लागलेला असतो, एक पडला तर बाकीच्यांना रद्द करायचं, आख्ख्याला एक टाइमआउट लावायचा. समोरच्याने पैसे कापले का याचं उत्तर ते देत नाही, देऊ पण शकत नाही, त्याला आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती परत आली तर ओळखणारी खूण) वगैरे आपणच लावायची. नेटवर्क लपवायचं नाही, फक्त आपल्या बाजूचा पसारा आवरून द्यायचा एवढीच मर्यादित हमी.

आणि ते जावा २५ पर्यंत तरी पक्कं झालेलं नाही! २१ पासून प्रिव्ह्यू, २५ मध्ये पाचवा प्रिव्ह्यू आणि त्यात एपीआयचा चेहराच बदलला, कन्स्ट्रक्टर जाऊन ओपन नावाची फॅक्टरी मेथड आली. काही लोक वैतागलेत. मला वाटतं सिरियलायझेशन एका झटक्यात आत घेतलं आणि अठ्ठावीस वर्षं झाली तरी बाहेर काढता येईना, ते बघितल्यावर पाच प्रिव्ह्यू काहीच नाहीत. स्कोप्ड व्हॅल्यू मात्र २५ मध्ये पक्क्या झाल्या, थ्रेड लोकलवाल्यांनी तिकडे बघा.

---

अर्धाचहा:

रुमालाच्या जागी लिहायला आलो तर सगळं लिहून झालंय. एकच भर, लायसनचं. कंपनीत कोणी ओरॅकलचं जेडीके सवयीने उतरवून ठेवलं असेल तर आधी ते तपासा, जानेवारी २०२३ पासून त्यांचं सबस्क्रिप्शन एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर मोजतात, कॅन्टीनवाल्यासकट. टेम्युरिन किंवा कोरेटो घ्या, फुकट आहेत, चालतात.

---

पावशेर:

अपडेट. @रानमेवा, दंडवत स्वीकारा. फरक काढला, फुगत होता 'अदर' नावाचा रकाना, म्हणजे डायरेक्ट बफरच ना? फाइल अपलोडचा जो क्लायंट आहे तो प्रत्येक रिक्वेस्टला नवीन तयार होत होता, आधीच्या कोणीतरी लिहिलेला. हीप रिकामीच असल्यामुळे जीसी क्वचित व्हायचा, आणि जीसी होत नाही तोवर ते बफर सुटत नव्हते. क्लायंट एकच ठेवला, पर्सेंटेज ६० केलं, सीपीयू २ मागितलेत पण इन्फ्रावाले विचारताहेत कशाला.

---

रानमेवा:

बरोबर, जावा ११ पासून डायरेक्ट बफर 'अदर' मध्येच दिसतात. कमाल डायरेक्ट मेमरीची मर्यादा वेगळी द्या, नाहीतर ती डीफॉल्टने कमाल हीपएवढी धरली जाते. म्हणजे तुमच्या आधीच्या सेटिंगला हीप १.८ आणि डायरेक्ट वर आणखी १.८, २ जीबीच्या डब्यात. इन्फ्रावाल्यांना स्टार्टअपच्या वेळचा थ्रॉटलिंगचा ग्राफ दाखवा, जिट कंपाइल करताना अर्ध्या कोअरवर कसं रखडतं ते त्यात दिसेल. सीपीयूची रिक्वेस्ट ५०० मिलीच राहू दे, लिमिट तेवढं वाढवून मागा, लवकर मिळतं.